गॅलरीतून ऐकलेली भूमिती

आई, शिवडीच्या कबरस्तानात तुझ्यावर माती पडल्यानंतर पाळकसाहेबांनी मला विचारलं, मुलगी म्हणून दोन शब्द बोलणार का. मी नाही म्हटलं. लोकांना वाटलं, मला भरून आलंय. भरून वगैरे काही आलं नव्हतं. मला राग आला होता, आणि तो त्या जागी बोलून दाखवण्यासारखा नव्हता.

माझ्याऐवजी सुनील बोलला. शेजारच्या मालतीकाकूचा सुनील, आता महापालिकेत इंजिनियर आहे. म्हणाला, बाईंनी मला दहावीपर्यंत शिकवलं, बाई नसत्या तर मी डिलाईल रोडच्या नाक्यावर उभा राहिलेला दिसलो असतो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझा धाकटा भाऊ, आपला दानी, तोसुद्धा रडला. मी मात्र सुनीलच्या बुटांकडे बघत उभी राहिले. त्याचं खोटं नव्हतं. ज्या फळ्यासमोर तो बसायचा त्याच फळ्यासमोर मीही बसायचे, आणि माझी गणितं त्याच्याआधी सुटायची. त्याला तू परीक्षेला पाठवलंस. मला नाही.

तिथे बोलले असते तर हे बोलले असते. आता लिहिते. तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तशी तू आधीही ऐकायची नाहीस.

तुझी कहाणी मला तोंडपाठ आहे, कारण ती तू साक्ष म्हणून प्रत्येक संगतीत, प्रार्थनेला जमलेल्या मंडळींपुढे सांगायचीस. नगरकडचं गाव, गावाबाहेरची वस्ती, अंगठा उठवणारी आई. मिशनच्या बोर्डिंगात तुला कुणीतरी नेऊन घातलं, तिथे तू शिकलीस, पुढे शिक्षिकेचं ट्रेनिंग केलंस आणि मुंबईत म्युनिसिपालिटीच्या शाळेत लागलीस. पप्पा तेव्हा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. डिलाईल रोडच्या चाळीत सगळ्यांची लग्नं गिरणीशी लागलेली, आणि त्यात आपलंच घर असं, जिथे बाईमाणूस महिन्याच्या महिन्याला पगार आणायचं. तुला चाळीत सगळे ‘बाई’ म्हणायचे. मलाही तेव्हा तुझा अभिमान होता. ज्या दारातून तू माणसांत आलीस, त्याच दाराला तू पुढे आमच्यासाठी कडी लावलीस. हे मला अजून गिळवत नाही.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी चौथीत होते. पहिले काही महिने चाळीत जत्रेसारखं वातावरण होतं. पुरुष दिवसभर गॅलरीत, पत्ते, चर्चा, मोर्चे. मग हळूहळू आवाज कमी झाला. कोकणातल्या बऱ्याच घरांनी मुलं गावी पाठवली. मालतीकाकू सुनीलला घेऊन इथेच राहिली आणि खानावळीचे डबे करायला लागली. पप्पा घरी बसून खिडकीची तावदानं पुसायचे, पुसलेली पुन्हा पुसायचे. त्या दिवसांत परळला एका खोलीत भरणाऱ्या संगतीला तू जायला लागलीस. ती चालवणारे बंधुजी म्हणायचे की जगाच्या शाळा मुलांचा विश्वास खाऊन टाकतात, देवानं मुलं आईबापांकडे सोपवली आहेत, हेडमास्तरांकडे नाही.

शाळा सुरू व्हायच्या दिवशी मी गणवेश घालून, वेण्या घालून दारात उभी होते. पाचवीच्या पुस्तकांना पप्पांनी आदल्या दिवशी जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातली होती. तू म्हणालीस, “गणवेश काढ. आजपासून शाळा इथेच.” मला वाटलं, शाळेचाही संप झाला. मी विचारलंसुद्धा, मागण्या काय आहेत. पप्पा हसले. तू हसली नाहीस.

त्याच आठवड्यात तू नोकरीचा राजीनामा दिलास. पप्पा चढ्या आवाजात बोललेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. ते म्हणाले, “मनोरमा, घरात एकच पगार येतोय.” तू शांतपणे उत्तर दिलंस की शाळा वाईट म्हणून स्वतःची मुलं काढून घ्यायची आणि पगार मात्र शाळेचाच खायचा, हे ढोंग माझ्याच्यानं होणार नाही. लोक आजही तुझ्या सचोटीचं कौतुक करतात. त्या सचोटीपायी आम्ही कितीतरी रात्री पेज पिऊन झोपलो, हे कौतुक करणाऱ्यांना माहीत नसतं. शेवटी पप्पांना फणसवाडीत पिठाच्या गिरणीवर काम मिळालं. चाळीतले लोक चेष्टेनं म्हणायचे, तुमची काय गिरणी सुटत नाही बुवा. पप्पा भुवयांवर पीठ घेऊन घरी यायचे आणि तेही हसायचे. तू त्यांना टॉवेल द्यायचीस आणि प्रार्थनेला बसवायचीस.

आपल्या घरातला दिवस कसा जायचा हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पहाटे अंथरुणं गुंडाळली की गीत, मग पवित्र शास्त्रातला पाठ, मग पाठांतर. नळाला पाणी आलं की मध्येच उठून हंडे भरायचे आणि ओल्या हातांनी पुन्हा पाटी धरायची. शाळेत जाणारी मुलं जिन्यावरून उतरायची त्या वेळी तू दार लोटून घ्यायचीस. आम्ही त्यांच्याकडे बघू नये म्हणून की त्यांनी आम्हाला विचारू नये म्हणून, कोण जाणे. दुपारी गणित, व्याकरण, इंग्रजी. दानी माझ्याहून लहान, पण त्याला तू माझ्याबरोबरच पुढे खेचायचीस.

आणि तू शिकवायचीस चांगलं. हे लिहिताना मला त्रास होतो, पण त्याला इलाज नाही. अपूर्णांक तू भाकरी मोडून शिकवलेस आणि मग तेच तुकडे आम्हाला वाढलेस. प्रयोग आणि समास तुझ्याकडून शिकलेला माणूस जन्मात विसरणार नाही. एखाद्याला एकदा समजलं नाही तर तेच वाक्य तू दुसऱ्यांदा कधी म्हणायची नाहीस, दुसरीकडून यायचीस. मी नंतर कॉलेजात पुष्कळ मास्तर पाहिले. तुझ्या जवळपास जाणारे फार थोडे होते. म्हणून तर राग जास्त येतो. आई अडाणी असती आणि तिनं शाळा सोडवली असती, तर मी तिला माफ केलं असतं.

गणपतीच्या दिवसांत तू आम्हाला गॅलरीतून खाली बघू द्यायची नाहीस. मालतीकाकूकडचा प्रसाद तू हात जोडून परत करायचीस. काकू मात्र वाईट वाटून घ्यायची नाही. पुढच्या वर्षीपासून ती नैवेद्याच्या आधीच वेगळ्या काढलेल्या करंज्या घेऊन यायला लागली आणि दारातूनच सांगायची, देवापुढे ठेवल्या नाहीत हां बाई, आधी तुमच्याकडेच आणल्या. त्या तू घ्यायचीस. आणि एकदा अशाच करंज्यांच्या ताटामागून तिनं तुला विचारलं, “माझ्या झिलाकव जरा बसव गो त्यांच्यावांगडा.” तिच्या मुलालाही आमच्याबरोबर शिकायला बसव म्हणत होती; सुनीलच्या शाळेतले मास्तर येत नव्हते आणि तो नापास होत चालला होता.

तू हो म्हणालीस. मग सुनीलमागून चाळीतली आणखी मुलं आली. संध्याकाळी आपल्या खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. कुणी तांदूळ आणायचं, कुणी सुकट. तू त्यांना त्यांच्या शाळेच्या परीक्षांसाठी घासून पुसून तयार करायचीस, पेपर सोडवून घ्यायचीस, आणि निकालाच्या दिवशी त्यांच्या पाठीवर हात ठेवायचीस. आम्ही दोघं त्याच मुलांमध्ये बसून तेच पेपर सोडवायचो. माझा पेपर तू तपासायचीस, बरोबरची खूण करायचीस, आणि वरती गुण मात्र लिहायची नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, तुला गुण देणारा वर आहे.

काही वर्षांनी परळची संगती फुटली. बंधुजी दुसऱ्या कुठल्या गावाला निघून गेले, त्यांच्याबरोबरच्या घरांनी मुलं पुन्हा शाळेत घातली. त्या दिवशी मी मनात गणवेश शिवून ठेवला होता. तू मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखं गीत सुरू केलंस. तेव्हा मला कळलं की हे खूळ बंधुजींचं नव्हतं, तुझंच होतं. त्यांनी फक्त ते बोलून दाखवलं होतं.

दहावीचं वय झालं तेव्हा सुनीलनंच मला सांगितलं की शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. मी ते पप्पांजवळ बोलले. दोन दिवसांनी ते गिरणीवरून दुपारीच आले, आणि मला घेऊन माझ्या जुन्या शाळेत दाखला काढायला गेले. तिथेच बाकावर बसून त्यांनी फॉर्मवर पालक म्हणून सही केली. सही करण्याआधी त्यांनी मला दोनदा विचारलं, आईला काय सांगायचं. साच्यावर आयुष्य काढलेला माणूस, संपात लाठ्या खाल्लेला. त्याला भीती तुझी वाटत होती.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच तुला सांगितलं. तू ओरडली नाहीस, रडली नाहीस. तू मला समोर बसवलंस आणि म्हणालीस, “एस्तेर, तुला परीक्षेला जायचं तर जा. पण यापुढे माझ्यासमोर पुस्तक उघडायचं नाही.”

बीजगणित झालं होतं. भूमिती निम्मी राहिली होती.

त्या दिवसापासून संध्याकाळची शिकवणी सुरू झाली की मी उठून गॅलरीत जाऊन बसायचे. तू दार लोटून घ्यायचीस. आत सुनीलची भूमिती चालायची, आणि मी बाहेर कठड्याला पाठ लावून, मांडीवर कागद ठेवून ऐकायचे. तू म्हणायचीस, बिंदू क पासून लंब काढ, मी बाहेर लंब काढायचे. आकृती दिसायची नाही, ती ऐकून काढावी लागायची. चाळीतले लोक जाता येता माझ्याकडे बघायचे. मालतीकाकू चहा आणून ठेवायची. वर्तुळाचा अख्खा धडा मी असा शिकले. माझी सख्खी आई आत, मी बाहेर, आणि मधे एक लोटलेलं दार.

तुझ्या दफनानंतर कबरस्तानातून परतताना सुनील माझ्याशेजारी चालत होता. तो म्हणाला, “बाई त्या वर्षी फार मोठ्यानं शिकवायच्या. मी त्यांना म्हणायचो, बाई, मी समोरच बसलोय. प्रत्येक आकृती तोंडानं सांगायच्या, फळ्यावर काढलेली असली तरी.” एवढं बोलून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू मला काहीतरी मोठं दिलं. मीही थांबले. एक क्षण मला बरं वाटलं, खोटं का बोलू. पण लगेच मला वाटलं, आवाज एवढा वाढवता येत होता तर दारही उघडता येत होतं. दार हातभर अंतरावर होतं. तू तुझ्या देवाला फसवून मला शिकवत होतीस की मला फसवून देवाला खूश ठेवत होतीस, ते तुझं तुला माहीत. मला ही लपवाछपवीची माया नको होती. मला आतमध्ये बसायचं होतं.

परीक्षेच्या पहिल्या सकाळी तू घरच्या प्रार्थनेत पप्पांचं नाव घेतलंस, दानीचं घेतलंस, मालतीकाकूचं, सुनीलचं, आजारी माणसांची नावं घेतलीस. माझं घेतलं नाहीस. मी ‘आमेन’ होईपर्यंत वाट बघितली आणि उठून निघाले. दादरच्या केंद्राबाहेर पप्पा पेपर सुटेपर्यंत उन्हात उभे होते. निकाल लागला तेव्हा त्यांनी ठाकूरद्वारहून पेढे आणले. मला पहिला वर्ग मिळाला होता. तू पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवलास आणि भांडी घासायला घेतलीस. चाळीत पेढे मालतीकाकूनं वाटले.

मग मी कॉलेज केलं, टेलिफोन खात्यात लागले आणि लवकरच घर सोडलं. त्यानंतर आपण दर रविवारी भेटलो. पाणी किती वाजता येतं, गुडघा कसा आहे, एवढंच बोललो. पप्पा गेले तेव्हाही तेवढंच बोललो. त्या एका परीक्षेबद्दल तू कधी काही विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

दानी मात्र तुझ्याजवळ राहिला. विजेचं काम त्याच्या हातात असं बसलंय की बंद पडलेली वायरिंग तो नुसती बघून ओळखतो. पण दहावी नाही म्हणून आयटीआय नाही, आणि आयटीआय नाही म्हणून परवाना नाही. जन्मभर काम तो करतो आणि कागदावर सही दुसऱ्याची असते. मला त्याच्यासाठी तुझा राग येतो, आणि त्याला मात्र काहीच वाटत नाही. तो म्हणतो, आईनं मला सगळं दिलं. ते ऐकून मला त्याचाही राग येतो. आणि कमी पडलं म्हणून की काय, त्याची बायको कामावर जाते, तर त्यांची मुलगी रिबेका गेली चार वर्षं तुझ्याजवळ त्याच खोलीत शिकत होती. शाळेत नाही. घरी.

तू अंथरुणाला खिळलीस त्या महिन्यात मी रजा घेऊन तुझ्याजवळ बसायचे. एका दुपारी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तुला विचारलं, “सुनीलला परीक्षेला बसवलंस. मला का नाही?”

तुला लगेच कळलं मी कशाबद्दल बोलतेय. इतकी वर्षं मधे गेली, तरी लगेच कळलं. तू म्हणालीस, “त्याला ह्याच जगात राहायचं होतं.”

“आणि मला?”

“तुला मी देवाला देऊन टाकलं होतं.”

“मला विचारून?”

तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, दमलीस. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणालीस, “कुणी विचारतं का आईला? मलाही कुणी विचारलं नव्हतं बोर्डिंगात टाकताना. मी किती रडले होते.” हे तू कधी कुठल्या साक्षीत सांगितलं नव्हतंस. साक्षीत तर बोर्डिंग म्हणजे तुझं तारण होतं. मी पुढे काही विचारणार तेवढ्यात रिबेका वर आली आणि तू तिला पाढे म्हणायला सांगितलेस. विषय तिथेच राहिला. परत काढायला तू शिल्लक नव्हतीस.

वस्तीवरची एक लहान पोर बोर्डिंगच्या फाटकात आईसाठी रडतेय, हे चित्र आता माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिची मला कीव येते. तिनं पुढे मोठी होऊन माझं जे केलं त्याची येत नाही. या दोन गोष्टी मला एकत्र करता येत नाहीत, आणि मी आता तो प्रयत्नही सोडलाय.

तुझी शोकसभा झाली त्या संध्याकाळी दानी मला म्हणाला, आता रिबेकाला तू शिकव. शनिवार-रविवार ये, बाकीचे दिवस ती पाठांतर करील. अगदी साधेपणानं म्हणाला, जणू तुझी खुर्ची रिकामी झाली आणि मी तिच्यात बसायचं. मी म्हटलं, तिला शाळेत घाल. मग आमचं भांडण झालं. इतकी वर्षं जे तुझ्याशी झालं नाही ते सगळं त्याच्याशी झालं. त्याच्या परवान्यावरून मी त्याला नको ते बोलले. तो म्हणाला, परीक्षा देऊन तू काय सुखी झालीस? रिबेका कोपऱ्यात बसून ऐकत होती. मी तिला विचारलं, तुला काय वाटतं गं? ती म्हणाली, मला आजीजवळच शिकायचंय.

शेवटी दानी म्हणाला, “आईला काय वाटेल?”

“आई गेली, दानी,” मी म्हटलं.

तोपर्यंत हे वाक्य मी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. फोनवर सगळ्यांना कळवलं तेव्हा ‘आईचं झालं’ असंच म्हणत होते. ते म्हटलं आणि मला रडू फुटलं, इतकं की दानी घाबरला आणि पाणी आणायला उठला. मी तुझ्यासाठी रडले, आई. हे लिहून ठेवते, कारण बाकी सगळं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

काल सकाळी दानी रिबेकाला घेऊन शाळेच्या फाटकाशी आला. मी त्याला वेळ सांगून ठेवली होती, पण येईल असं मला वाटलं नव्हतं. मुख्याध्यापिका तरुण होत्या. त्यांनी वय विचारलं, मग म्हणाल्या, वयाप्रमाणे पाचवीत बसवता येईल, पण झेपेल का बघूया. त्यांनी तिला फळ्यावर एक अपूर्णांकांचं गणित घातलं. रिबेका फळ्याजवळ गेली आणि प्रत्येक पायरी तोंडानं स्पष्ट सांगत, सावकाश, न अडखळता तिनं ते सोडवलं. बाईंनी आणखी एक अवघड घातलं. तेही सोडवलं.

“ही आधी कुठल्या शाळेत होती?” त्यांनी विचारलं. दानीनं माझ्याकडे बघितलं.

“घरी. आजीजवळ,” मी म्हटलं.

“आजी शिक्षिका होत्या?”

“हो.” मी म्हटलं. “फार चांगल्या होत्या.”

बाईंनी फॉर्म पुढे केला. दानीनं पालक म्हणून सही केली आणि रिबेका एका शिपायामागून जिना चढून वर गेली. तू चांगली शिक्षिका होतीस, हे तुला तोंडावर मी कधी म्हटलं नव्हतं, आई. म्हणायचं राहून गेलं असंही नाही. तू जिवंत असताना मी ते म्हटलं नसतं.